आघाडीची फळी आणि माणदेशाचे पाणी

खो-खोच्या मैदानावर संरक्षण करणारा संघ उतरतो तो एकदम नव्हे, तर तिघांच्या तुकडीने. तिघे बाद झाले की पुढचे तिघे येतात. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, फलटण या पट्ट्यातील कोणत्याही शाळेतील क्रीडाशिक्षकाला विचारले, तर सामन्याआधीची त्यांची खरी चिंता कोणती असते हे ते एका वाक्यात सांगतील. संघात कोण असावे हा प्रश्न तुलनेने सोपा असतो. कोणत्या तिघांना एकत्र उतरवावे, हा अवघड असतो. तिन्ही चपळ खेळाडू पहिल्याच तुकडीत घातले, तर ती तुकडी गाजते आणि पुढच्या दोन कोसळतात. एक चपळ, एक थंड डोक्याचा आणि एक धीराचा असे तिघे जुळवले, तर तीच मुले दीडपट वेळ टिकतात. खेळाडू तेच, मैदान तेच. फरक पडतो तो जुळणीने.

गावच्या शाळेतील शिक्षक जे सहजबुद्धीने जाणतो, ते देशाचा कनिष्ठ संघ निवडणाऱ्यांना उमगले आहे काय, असा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा पडावा, असे चित्र आहे. विषय आहे भारताच्या कनिष्ठ महिला हॉकी संघाच्या आघाडीच्या फळीचा. सातारा जिल्ह्याचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. फलटण तालुक्यातील आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे, तसेच याच जिल्ह्याची ऋतुजा पिसाळ या तिघी गेल्या काही वर्षांत भारताच्या कनिष्ठ संघातून पुढे वरिष्ठ संघापर्यंत पोहोचल्या. हॉकी संघटनेच्या यादीत ऋतुजाचे पूर्ण नाव 'ऋतुजा दादासो पिसाळ' असे लागते. त्यातील 'दादासो' या तीन अक्षरांवरूनच मुलगी कोणत्या मातीतील आहे, हे महाराष्ट्रातील वाचकाला कळून येते. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील शेतकऱ्यांच्या घरांतून मुली देशाच्या हॉकी संघात जातात, ही गोष्ट कौतुकाची आहेच. परंतु कौतुकापाशी थांबून चालणार नाही. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींची निवड कशी होते, त्यांना कोणत्या जागी खेळवले जाते आणि कोणाच्या शेजारी खेळवले जाते, याचा विचार व्हावयास हवा.

तेरा गोल आणि एक गोल

डिसेंबर २०२५ मध्ये चिलीची राजधानी सँटियागो येथे कनिष्ठ महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. भारताने पहिल्या सामन्यात नामिबियाचा १३-० असा फडशा पाडला. वृत्तपत्रांत मथळे झळकले. त्यानंतर जर्मनीशी गाठ पडली आणि भारत १-३ असा हरला. आयर्लंडला ४-० ने नमवूनही उपांत्यपूर्व फेरी हुकली आणि अखेर स्पेनकडून १-२ असा पराभव पत्करून संघाला दहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. दोनच वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, याच सँटियागोत झालेल्या स्पर्धेत भारत नववा आला होता. तेव्हा ऋतुजा पिसाळ संघाची उपकर्णधार होती. त्याआधी २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पोचेफस्ट्रूम येथे मात्र भारताने उपांत्य फेरी गाठली होती आणि कांस्यपदकाची लढत इंग्लंडकडून केवळ शूटआउटमध्ये गमावली होती.

या आकड्यांचा अर्थ काय? मुलींमध्ये गुणवत्ता नाही, असा तर मुळीच नाही. आशियाई पातळीवर याच वयोगटाने २०२३ मध्ये जपानमधील काकामिगाहारा येथे दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून प्रथमच कनिष्ठ आशिया चषक जिंकला आणि २०२४ मध्ये मस्कत येथे चीनला शूटआउटमध्ये नमवून तो राखला. म्हणजे गोल करण्याची क्षमता आहे, जिद्द आहे. तथापि दुबळ्या संघावर तेरा गोल आणि बलाढ्य संघावर एक गोल, ही दरी एकट्यादुकट्या खेळाडूच्या कौशल्याची नसते. दुबळ्या बचावापुढे प्रत्येक आघाडीची खेळाडू स्वतःच्या बळावर गोल करू शकते. जर्मनी, नेदरलँड्स, अर्जेंटिना यांच्या भिंतीपुढे एकटीचे काही चालत नाही; तेथे तिघींना एक होऊन चालावे लागते. निवड करताना जर केवळ कोणाच्या नावावर किती गोल, एवढेच पाहिले गेले, तर नामिबियाविरुद्धचे तेरा गोल निवड समितीची दिशाभूल करतील. गोलांची बेरीज ही आघाडीच्या फळीची खरी परीक्षा नव्हे.

फळी म्हणजे काय

जुन्या पिढीतील वाचकांना हॉकीची पाच जणांची आघाडीची फळी आठवत असेल. दोन टोकांना दोन विंगर, त्यांच्या आत दोन इनसाइड आणि मध्यभागी सेंटर फॉरवर्ड. ध्यानचंदांच्या काळापासून भारताने ही रचना कलेच्या पातळीवर नेली. पुढे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून गवताची जागा कृत्रिम हिरवळीने घेतली. त्याच ऑलिंपिकमध्ये भारत सातव्या स्थानावर घसरला, हा योगायोग नव्हता. १९९० च्या दशकात आणखी दोन मोठे बदल झाले. सामना चालू असताना कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली आणि ऑफसाइडचा नियम रद्द झाला. पुढे सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत विभागला गेला. या सर्वांचा एकत्रित परिणाम असा झाला, की आघाडीला बहुधा तिघी उरल्या. त्या काही मिनिटे जीव तोडून धावतात, बाहेर येतात, त्यांच्या जागी ताज्या दमाच्या मुली जातात.

बर्फावरच्या हॉकीत हेच तत्त्व याहून कठोरपणे पाळले जाते. तेथे गोलरक्षकाव्यतिरिक्त पाच जण बर्फावर असतात. त्यांतील तिघे आघाडीचे. ही तिघांची 'लाइन' पाऊण मिनिटाच्या आसपास खेळते आणि सबंध तिघे एकदम बाहेर येतात. दुसरी तिघांची लाइन आत जाते. त्यामुळे कॅनडा, स्वीडन, फिनलंड यांसारख्या देशांत कनिष्ठ राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक सर्वाधिक वेळ खर्च करतो तो तिघांच्या जुळणीवर. एका फळीवर गोल करण्याची जबाबदारी असते, तर दुसरीचे काम प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम फळीला रोखून धरण्याचे असते. भारतातही लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर वाढलेल्या मुलींनी २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे महिलांच्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. वर्षातून जेमतेम दोन महिने नैसर्गिक बर्फ लाभणाऱ्या त्या मुली राष्ट्रीय संघात येतात तेव्हा त्यांतील अनेक जणी वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या असतात. एकीने मान न वळवता चेंडू, किंबहुना त्यांची ती रबरी चकती, मागे टाकावी आणि दुसरी तेथे असावी, ही किमया सहवासातून येते.

मैदानी हॉकीतील तिघींची कामेही अशीच वाटलेली असतात. एक मध्यभागी पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू धरून ठेवते. तिला धक्के खावे लागतात. दुसरी प्रतिस्पर्ध्याच्या बचावावर सतत धावून जाते, तिला चूक करावयास भाग पाडते. तिच्या नावावर गोल क्वचितच लागतो. तिसरी 'डी'मध्ये योग्य क्षणी पोहोचून गोल करते. वृत्तपत्रांत नाव येते ते तिचे. शिवाय हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो. त्यामुळे उजव्या बाजूने आत येणारी आणि डाव्या बाजूने आत येणारी यांच्या कौशल्यांत मूलभूत फरक असतो. डावीकडच्या मुलीला स्टिक उलटी फिरवून फटका मारण्याचा सराव नसेल, तर ती 'डी'च्या टोकाशी पोहोचूनही निरुपयोगी ठरते. तीन उत्तम उजव्या विंगर निवडल्या म्हणजे उत्तम फळी होत नाही. स्वयंपाकघरात तिखट, मीठ, तेल तिन्ही उत्तम प्रतीचे आणले तरी प्रमाण चुकले की भाजी बिघडतेच.

इतिहासाचे दोन धडे

भारतीय हॉकीच्या इतिहासातच याचे दोन धडे आहेत. एक अनुकरणीय आणि एक टाळण्याजोगा.

१९३६ मध्ये ध्यानचंदांचा संघ बर्लिनला पोहोचला, तेव्हा तो दोन वेळचा ऑलिंपिक विजेता होता. पण जुलैमध्ये जर्मनीविरुद्धच्या सराव सामन्यात तो १-४ असा हरला. कर्णधार ध्यानचंदांनी त्या पराभवाचे खापर कोणाच्या माथी फोडले नाही. आघाडीच्या फळीत उजव्या इनसाइडची जागा नीट जुळत नाही, हे त्यांनी ओळखले आणि मायदेशी संदेश धाडून अली दारा यांना बोलावून घेतले. दारा विमानाने आले आणि फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यापासून फळीत उभे राहिले. भारताने तो सामना १०-० असा जिंकला आणि १५ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला ८-१ असे धूळ चारले. त्यातील दोन गोल दारांचे होते. सामन्यापूर्वी पंकज गुप्ता यांनी तिरंगा बाहेर काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्या वंदनाइतकेच महत्त्व दारांना बोलावण्याच्या निर्णयाला आहे. ध्यानचंदांसारखा जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू स्वतः फळीत असताना, फळी अपुरी आहे हे मान्य करावयास मनाचा मोठेपणा लागतो. देशभक्ती ही केवळ ध्वजापुढे मान लववण्यात नसते. आपल्या कामातील उणीव वेळेत ओळखून ती दूर करण्यातही असते.

दुसरा धडा १९९८ चा. पुण्याच्या खडकीतून आलेल्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने त्या वर्षी बँकॉक येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक ३२ वर्षांनंतर जिंकले. देश आनंदात असतानाच पुढच्या मालिकेसाठी धनराजसह अनेक प्रमुख खेळाडूंना आणि प्रशिक्षक महाराजकृष्ण कौशिक यांना दूर करण्यात आले. मोठ्या कष्टाने जुळलेली फळी एका झटक्यात विस्कटली. सुवर्णपदकानंतर जो पाया रचला जावयाचा, तो रचला गेलाच नाही. फळी घडवावयास वर्षे लागतात, मोडावयास एक बैठक पुरते.

जागा सापडली पाहिजे

निवडीतील दुसरा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. मुलगी गुणी आहे हे दिसते, पण तिची जागा कोणती? ऋतुजा पिसाळ २०२३ च्या कनिष्ठ आशिया चषकात मधल्या फळीत खेळली. पुढे वरिष्ठ संघात ती आघाडीला आली आणि २०२५ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे रौप्यपदक मिळवणाऱ्या आशिया चषक संघात आघाडीच्या खेळाडूंच्या यादीत तिचे नाव होते. मिझोरमच्या लालरेमसियामीचा प्रवास नेमका उलट झाला. आघाडीची म्हणून नावारूपाला आलेली ही खेळाडू त्याच स्पर्धेत मधल्या फळीत होती. मुलींची जागा अशी बदलू शकते, हे कनिष्ठ पातळीवरच लक्षात घेतले पाहिजे. सोळाव्या वर्षी 'ही मधल्या फळीची' असा शिक्का मारून तिला आघाडीला खेळवून पाहिलेच नाही, तर देशाला एक उत्तम आघाडीची खेळाडू कधी लाभलीच नाही, हे कोणाला कळणारही नाही.

माणदेशाला तर हे सांगावयाची आवश्यकताच नाही. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर शालेय वयात खो-खो खेळत होती. पुढे ती लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली, मुंबई मॅरेथॉन गाजवली आणि शेवटी तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत तिला स्वतःची जागा सापडली. २०१५ मध्ये ती आशियाई विजेती झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवरील अंतिम शर्यतीत उतरली होती. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव आधी धावपटू होता; शरीरयष्टीने तेथे निभाव लागेना, तेव्हा त्याच्या हाती धनुष्य आले आणि तो टोकियो ऑलिंपिकला पोहोचला. या दोघांच्याही आयुष्यात कोणीतरी एक जाणता शिक्षक होता, ज्याने 'हा चालणार नाही' असे न म्हणता 'हा येथे नाही, तेथे चालेल' असे म्हटले. निवड म्हणजे चाळणी लावून उरलेले फेकून देणे नव्हे. प्रत्येकाला योग्य जागी बसवणे हे तिचे खरे काम. संघटनेचे काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. वक्ता, हिशेबनीस, घरोघर जाणारा, मुलांना खेळवणारा असे सर्व जण लागतात आणि ज्याला त्याला आपल्या जागी ठेवले तरच शाखा उभी राहते.

आक्षेप आणि उत्तर

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा, की फळ्या आधीच ठरवल्या तर नव्या मुलीला शिरकाव मिळणार नाही. ओळखीपाळखीचीच माणसे पुन्हा पुन्हा निवडली जातील. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय आहे तो नव्या मुलीला जुन्या फळीत बसवून पाहण्याचा. बंगळुरूच्या राष्ट्रीय शिबिरात चाचणी सामने होतात, त्यांत तिघींच्या निरनिराळ्या जुळण्या मुद्दाम करून पाहिल्या जाव्यात आणि प्रत्येक जुळणीची नोंद ठेवली जावी. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात चेंडू किती वेळा हिसकावून घेतला, 'डी'त किती वेळा प्रवेश झाला, त्यांतून किती फटके आणि किती पेनल्टी कॉर्नर मिळाले, हे तिघींच्या नावावर एकत्र मांडावे. मग आढळेल, की जिच्या नावावर गोल नाही, ती ज्या फळीत असते त्या फळीलाच गोल मिळतात. अशी मुलगी आज वगळली जाते आणि ती का वगळली गेली, हे तिच्या वडिलांना कधी कळतही नाही.

दुसरा आक्षेप असा, की कनिष्ठ संघ हा शिकण्यासाठी असतो. तेथे जुळणीपेक्षा वैयक्तिक कौशल्य वाढवणे महत्त्वाचे. अंशतः हे योग्य आहे. परंतु दुसऱ्याच्या हालचालीचा अंदाज घेणे, स्वतःचा मोह आवरून चेंडू देणे, चेंडू गेल्यावर क्षणाचाही विलंब न करता मागे धावणे, ही देखील कौशल्येच आहेत आणि ती वयाच्या सोळा ते वीस या काळात रुजली नाहीत, तर पुढे रुजत नाहीत. पोचेफस्ट्रूमच्या स्पर्धेत मुमताज खानने आठ गोल केले. तिचे कौशल्य वादातीत आहे. पण त्या संघात लालरेमसियामी, शर्मिला देवी, दीपिका, संगीता कुमारी अशा आघाडीच्या मुली तिच्या जोडीला होत्या आणि त्यांतील काही जणी वरिष्ठ संघातील अनुभव घेऊन आल्या होत्या, हेही विसरता येणार नाही.

तिसरा आक्षेप प्रांताचा. सातारच्या, माणच्या म्हणून मुली घ्याव्यात, असे येथे सुचवावयाचे आहे काय? मुळीच नाही. राष्ट्रीय संघात प्रांताचे, जातीचे, भाषेचे गणित शिरले की राष्ट्र बाजूला राहते. ओडिशा-झारखंडच्या वनवासी भागातील, हरियाणाच्या खेड्यांतील, मिझोरमच्या डोंगरांतील आणि सातारच्या माळरानावरील मुली एका फळीत उभ्या राहतात आणि एकमेकींची भाषा पूर्णपणे न कळताही चेंडूची भाषा जाणतात, हे या देशाच्या एकात्मतेचे जिवंत रूप आहे. मागणी एवढीच, की निवड उघड्या कसोट्यांवर व्हावी आणि वगळलेल्या प्रत्येक मुलीला कारण लेखी कळवावे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत एका गुणाने डावलले गेले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली, खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि पुढे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. दाद मागता आली नसती, तर ते पदकही आले नसते. पण त्यांच्याजवळ ती हिंमत होती आणि ऐकून घेणारा कोणी होता. सतरा वर्षांच्या खेड्यातील मुलीने कोणाकडे जावे?

पाण्याचा प्रश्न

या सर्वांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती माणदेशाला सर्वांत जवळून भिडते. आजचे हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळले जाते आणि मोठ्या स्पर्धांची हिरवळ सामन्यापूर्वी पाण्याने भिजवावी लागते. दर सामन्याला हजारो लिटर पाणी! जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अजून घराघरांत सांगितल्या जातात आणि २०१२-१३ मध्ये जनावरांसह माणसे चारा छावणीत राहिली, तेथे खेळासाठी पाणी मागावयाचे कसे? म्हणूनच फाळके आणि ढेकळे यांची जडणघडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. बालेवाडीची ही व्यवस्था नसती, तर त्या भारताकडून खेळल्या नसत्या, याबद्दल शासनाचे ऋण मान्य करावयास हवे. परंतु अकरा-बारा वर्षांच्या मुलीला घराबाहेर धाडणे हे शेतकरी आई-वडिलांना सोपे नसते. एका कुटुंबाने धीर केला, तर दहा कुटुंबे तो करत नाहीत. ज्या दहा मुली घरीच राहिल्या, त्यांतील एखादी कदाचित भारताच्या फळीतील हरवलेली डावी विंगर असेल.

चित्र बदलत आहे. कृष्णेचे पाणी उचलून खटाव-माणकडे नेणारी जिहे-कठापूर योजना आज गुरुवर्य लक्ष्मणराव इनामदार यांच्या नावाने ओळखली जाते. खटावच्याच मातीत जन्मलेले आणि गुजरातमध्ये संघकार्य उभे करणारे वकीलसाहेब अनेक वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या नावाने आलेले पाणी आधी शेताला, मग जनावरांना, यात दुमत नाही. पण आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघही कमी पाण्याच्या आणि कोरड्या हिरवळीच्या दिशेने वळू लागला आहे. अशी एखादी कोरडी हिरवळ माण-फलटण-आटपाडी या पट्ट्यात मध्यवर्ती ठिकाणी झाली, तर मुलीला घरची भाकरी खाऊन हॉकी खेळता येईल. मुख्य म्हणजे याच भागातील तिघी-चौघी वर्षानुवर्षे एकत्र खेळतील; त्यांची फळी शिबिरात पंधरा दिवसांत नव्हे, बालपणापासून जुळत जाईल.

यात सर्व काही शासनाने करावे, ही अपेक्षा योग्य नव्हे. क्रीडा भारतीसारख्या संस्था, साखर कारखाने, शिक्षण संस्था आणि गावोगावचे कार्यकर्ते यांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. गावातील मातीच्या मैदानावर पंचवीस स्टिक आणि चार डझन चेंडू यांवरही प्रारंभ होऊ शकतो. निवृत्त क्रीडाशिक्षकाला संध्याकाळचे दोन तास मागता येतात. मुलगी शिबिराला गेली, तर तिच्या घरी आठवड्यातून एकदा डोकावून आई-वडिलांना धीर देता येतो. ती निवडीतून वगळली गेली, तर ती परत येते त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर तिला घ्यावयास जाता येते. या शेवटच्या कामाला पैसा लागत नाही, तथापि त्याचे मोल फार आहे. वगळलेली मुलगी हॉकी सोडून देते ती बहुधा पराभवामुळे नव्हे, एकटेपणामुळे.

मध्यमवर्गीय कुटुंबांनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा. क्रिकेटच्या सामन्यासाठी घरातील दूरचित्रवाणी संच दिवसभर चालू राहतो. कनिष्ठ मुलींचा विश्वचषक कधी झाला, हे किती घरांत ठाऊक होते? संघ दहावा आला म्हणून हळहळ तरी किती जणांना वाटली? ज्या समाजाला हळहळ वाटत नाही, त्याला जाब विचारण्याचा अधिकारही उरत नाही.

खो-खोच्या मैदानावर पहिली तुकडी बाद होऊन बाहेर येते, तेव्हा ती आत जाणाऱ्या तिघांच्या हातावर टाळी देऊन बाजूला बसते आणि बसल्या जागेवरून ओरडून त्यांना दिशा सांगत राहते. आपला डाव संपला म्हणून कोणी पाठ फिरवत नाही. देशाच्या आघाडीची फळी जुळवावयाची असेल, तर निवड समितीपासून गावच्या पारापर्यंत हाच भाव असावा लागतो. सातारच्या तीन मुलींनी वाट दाखवली आहे. पुढच्या तिघी आज माणच्या एखाद्या शाळेत पाटीत बसून 'खो' मिळण्याची वाट पाहत असतील. तो वेळेवर द्यावयाचा की नाही, हे त्यांच्या हाती नाही. ते समाजाच्या हाती आहे.